दुपारी दोनला ओव्हरलोड ट्रिप, पाचनंतर सगळं ठीक. कंप्रेसर गेलाय का? (११ टनी डक्टेबल एसी, अकोला)

शोरूम_मेंटेनन्स_अकोला

नमस्कार मंडळी. अकोल्यात कापडाचं मोठं दुकान आहे, तिथलं मेंटेनन्स मी बघतो. लाइट, लिफ्ट, जनरेटर, कॅमेरे, एसी, सगळं एकट्याच्या गळ्यात. आयटीआय इलेक्ट्रिशियन आहे, एसीचं शिक्षण नाही, म्हणून विचारतोय.

पहिल्या मजल्यावर ११ टनी डक्टेबल आहे. आउटडोअर गच्चीवर, त्यात साडेपाच टनाचे दोन स्क्रोल (एक प्रकारचे) कंप्रेसर, गॅस आर-४१०ए. दोन नंबरचा कंप्रेसर दुपारी दोनच्या सुमारास ओव्हरलोडवर ट्रिप होतो. रीसेट मारला की चालतो, अर्ध्यापाऊण तासात पुन्हा तेच. पाचनंतर ऊन कललं की दुकान बंद होईपर्यंत एकदाही नाही. एक नंबरचा कंप्रेसर दिवसभर बिनतक्रार.

लग्नसराई ऐन भरात आहे. बस्त्याला एकेक घर वीस-पंचवीस माणसं घेऊन येतं, शालू बघायला गादीवर बसलेल्या बायका दोन-दोन तास उठत नाहीत, आणि नेमका तेव्हाच डक्टमधून गरम वारा सुटतो. मग सगळे पदराने वारा घेत माझ्याकडे बघतात.

दोन मेकॅनिक येऊन गेले. पहिला म्हणाला कंप्रेसर गेला, नवीन टाका. दुसऱ्याने ओव्हरलोड रिलेचा (ठरल्यापेक्षा जास्त करंट गेला की कंप्रेसर बंद करणारा) स्क्रू १३.५ अँपिअरवरून १६ वर नेला, "आता त्रास नाही" म्हणाला आणि पैसे घेऊन गेला. त्या दिवशी चारपर्यंत चालला, पण कंप्रेसरच्या टाकीला हात लावता येईना. मला ते पटलं नाही, स्क्रू परत १३.५ वर आणला. कंप्रेसरच्या पाटीवर १३.५ अँपिअरच लिहिलंय. स्टार्टर साधा डीओएल (मोटार थेट पूर्ण व्होल्टेजवर सुरू करणारा) आहे.

शेठ नवीन कंप्रेसरला होकार द्यायच्या बेतात आहेत. काय करू?

कूलटेक_२४

भाऊ गॅस कमी आहे. टॉप-अप मारून घ्या, गॅरंटीने थांबेल. आमच्याकडे रोज अशा केसेस असतात.

जुना_फिटर_सोलापूर

अकोलेकर, शेठना आठवडाभर थोपवा. गेलेला कंप्रेसर संध्याकाळी पाच वाजता आपोआप बरा होत नाही. वाइंडिंग (मोटारीतली तारेची गुंडाळी) जळलं असतं तर सकाळच्या गारव्यातसुद्धा स्टार्ट मारताक्षणी ब्रेकर पडला असता.

टॉप-अपवाले भाऊ, गॅस कमी झाला की कंप्रेसरला ढकलायला मालच कमी, अँपिअर खाली येतात. मग अँपिअर बघून पडणारा रिले पडेल कशाला? न मोजता गॅस भरलात तर हेड प्रेशर (म्हणजे डिस्चार्ज प्रेशर, कंप्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचा दाब) अजून चढेल आणि दोनला पडणारा कंप्रेसर बाराला पडायला लागेल.

पहिला प्रश्न अजून कुणी विचारलाच नाही. ओव्हरलोड कोणता पडतो? दोन असतात हो. एक पॅनलमध्ये, कॉन्टॅक्टरच्या (कंप्रेसरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) खाली जोडलेला बायमेटल रिले. त्याला फक्त वायरीतून गेलेला करंट कळतो. दुसरा कंप्रेसरच्या पोटात, वाइंडिंगला चिकटून. त्याला करंटही कळतो आणि मोटारीची उष्णताही. तुमच्या मापाच्या थ्री फेज स्क्रोलमध्ये तो बहुतेक वेळा स्टार पॉइंटवर, म्हणजे तिन्ही वाइंडिंग एकत्र जुळतात तिथे, बसवलेला असतो, उघडला की तिन्ही फेज एकदम सुटतात.

पॅनलवाला पडला तर कॉन्टॅक्टर सुटतो, रिलेवर ट्रिपची खूण दिसते, बटण दाबलं की पुन्हा चालू. पोटातला पडला तर कॉन्टॅक्टर ओढलेलाच राहतो, खाली व्होल्टेज पूर्ण मिळतं, अँपिअर मात्र शून्य, आणि टाकी चटका देते. त्याला रीसेटचं बटण नसतं. टाकी निवेल तेव्हाच तो जुळतो, कधी अर्ध्या तासात, कधी दोन-तीन तास.

स्क्रू १६ वर होता त्या दिवशी चार वाजता कंप्रेसर कसा बंद झाला, ते आठवून सांगा. माझा अंदाज, पोटातला पडला. म्हणजे रिले खरंच बोलत होता, त्याचं तोंड बांधल्यावर आतल्याने काम केलं. घड्याळ मागं केलं म्हणून गेलेली एसटी परत येत नाही. स्क्रू खाली आणलात ते उत्तम केलंत.

आता मोजा, आणि मोजायचं ते दुपारी दोनलाच. सकाळी दहाला येऊन टाँग टेस्टर (वायरीभोवती धरून करंट मोजायचा मीटर) लावायचा आणि वहीत "रीडिंग ओके" लिहून जायचं, या पद्धतीने दुपारचा रोग कुणालाही सापडलेला नाही. दीडला टोपी घालून, पाणी पिऊन गच्चीवर जा. दोन्ही कंप्रेसर चालू असताना प्रत्येकाचे तिन्ही फेजचे अँपिअर लिहा. एका वायरीला टाँग लावून भागत नाही. मग व्होल्टेज, तेही फेज टू फेज (आर, वाय, बी ही तीन फेजची नावं): आर-वाय, वाय-बी, बी-आर. न्यूट्रलला धरून घेतलेलं इथे कामाचं नाही. आधी कॉन्टॅक्टरच्या खाली, मग दुकानाच्या मेन पॅनलवर, मग तळाशी मीटर रूममध्ये. लागोपाठ घ्या, मध्ये चहा नको.

एक ताकीद. कंप्रेसरच्या टर्मिनलचं झाकण काढून चालू मशिनवर मोजू नका. त्या पिना काचेच्या सीलमध्ये बसवलेल्या असतात. उडाली तर गॅसबरोबर तेलाचा फवारा बाहेर येतो आणि ठिणगीला पेटतो. हवं ते व्होल्टेज कॉन्टॅक्टरच्या खाली सुरक्षित मिळतं.

गेज असेल तर दोन्ही सर्किटचं डिस्चार्ज प्रेशर घ्या. आणि साधा थर्मामीटर घेऊन आउटडोअरची कॉइल हवा जिथून आत ओढते तिथे धरा, दोन्ही बाजूंना. मोबाइलवर दिसणारं अकोल्याचं तापमान मला नको. ते सावलीतलं, मोकळ्या हवेतलं असतं. तुमची कॉइल काय श्वास घेते ते हवंय.

मस्कतकर_रत्नागिरी

फिटरकाकांना जोड देतो. मी मस्कतला मॉलच्या रूफटॉप पॅकेज युनिटवर असतो. पोटातल्या ओव्हरलोडपायी धडधाकट कंप्रेसर भंगारात गेलेले इथे बघितलेत. होतं काय, नवा पोरगा गरम कंप्रेसरला मीटर लावतो. तिन्ही टर्मिनल एकमेकांत ओपन दिसतात. हा रिपोर्टमध्ये "वाइंडिंग ओपन" लिहून मोकळा. अरे बाबा, तीन वाइंडिंग एकाच मिनिटाला कशी तुटतील? टाकी निवू दे, घरी जा, जेव, मग ये. थंड झाल्यावर तिन्ही रेझिस्टन्स जवळजवळ सारखे आले आणि वाइंडिंग कुठे टाकीला अर्थ (शॉर्ट) झालेलं नसलं, तर मोटार शाबूत.

मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) लावायचा तर ५०० व्होल्टचा. आणि रात्रभर बंद पडलेल्या स्क्रोलचं रीडिंग कमी आलं म्हणून घाबरायचं नाही. आत पातळ गॅस तेलात मिसळून मोटारीपर्यंत चढलेला असतो. क्रँककेस हीटर (कंप्रेसरचं तेल गरम ठेवणारा) चालू ठेवून गॅस उडू द्यावा, मग परत घ्यावं. व्हॅक्यूम केलेल्या कंप्रेसरला मेगर अजिबात लावू नये, आतल्या आत आर्क मारतो.

आता कूलटेक भाऊंची बाजू घेतो थोडी. गॅस कमी असला तरी ओव्हरलोड पडतो, पण पोटातला. कारण मोटार गार ठेवते ती परत येणारी सक्शनची वाफ. तीच कमी आली तर अँपिअर कमी असूनही मोटार तापते. तेव्हा सक्शन पाइपवर घाम नसतो, सुपरहीट (परत येणाऱ्या वाफेची जास्तीची उष्णता) अंगावर येईल इतकी असते. अकोलेकरांचा रिले पडतोय, सक्शन पाइप चांगली ओली असेल तर गॅसचा नाद सोडा.

अजून एक इकडचा अनुभव. जनरेटरवर गेल्यावर फेज सीक्वेन्स (तिन्ही फेजचा क्रम) बदलला तर स्क्रोल उलटा फिरतो. खडखडाट होतो, सक्शन-डिस्चार्ज प्रेशर एकमेकांजवळ राहतात, करंट नेहमीपेक्षा कमी, आणि काही मिनिटांत पोटातला पडतो. अकोलेकर, तुमच्याकडे जनरेटर आहे म्हणालात म्हणून सांगितलं.

शोरूम_मेंटेनन्स_अकोला

जनरेटरवर एसी घेतच नाही आम्ही, फक्त लाइट आणि लिफ्ट. सक्शन पाइप ओली आहे, पाणी टपकतंय.

काका, तुमचा अंदाज बरोबर. १६ वर असताना चारला बंद झाला तेव्हा कॉन्टॅक्टर ओढलेला होता, टाँगवर शून्य. साडेपाचनंतर आपला आपण सुरू झाला. १३.५ वर असताना मात्र रिलेच पडतो, खूण दिसते.

आज दोन-दहाला घेतलेली रीडिंग. कंप्रेसर दोन: आर १५.६, वाय १३.२, बी ११.३ अँपिअर. कंप्रेसर एक: आर १४.०, वाय १२.१, बी १०.२. कॉन्टॅक्टरच्या खाली व्होल्टेज आर-वाय ४१४, वाय-बी ३९५, बी-आर ३९९. मेन पॅनलवर ४१६, ३९७, ४०१. मीटर रूममध्ये ४१८, ४१४, ४१५.

गेज ओळखीच्या मुलाकडून आणले. डिस्चार्ज एक नंबरला ४९०, दोन नंबरला ५४५ पीएसआय. कॉइलच्या तोंडाशी हवा एक नंबरकडे ४४ अंश, दोन नंबरकडे ५०. हे मी दोनदा बघितलं, कारण एकाच मशिनच्या दोन बाजू आहेत. कॉइल गेल्या महिन्यात धुतलीय, दोन्ही.

जुना_फिटर_सोलापूर

वा. अशी रीडिंग घेणारा माणूस असताना शेठ कंप्रेसर कशाला विकत घेतायत?

व्होल्टेज आधी. ४१४, ३९५, ३९९. सरासरी ४०२.७. सरासरीपासून सगळ्यात लांबचा आकडा ४१४, अंतर ११.३. त्याला सरासरीने भागा, २.८ टक्के असमतोल. ऐकायला किरकोळ वाटतं. पण मोटारीत व्होल्टेजचा एक टक्का असमतोल करंटमध्ये सहा ते दहा टक्के होऊन उतरतो. तुमचे अँपिअर घ्या: सरासरी १३.४, आर फेज १५.६, म्हणजे जवळजवळ सतरा टक्के वर. हिशेब जुळला. वाइंडिंगच्या उष्णतेचा ठोकताळा असा की असमतोलाच्या टक्क्याचा वर्ग करायचा आणि दुप्पट करायची. २.८ चा वर्ग साधारण ७.८, दुप्पट १५.७. तापमानवाढ तितके टक्के जास्त, आणि तीही अकोल्याच्या मे महिन्यात, गच्चीवर. अमेरिकेचं नेमा मानक असमतोल एक टक्क्याच्या आत ठेवा म्हणतं आणि पाचच्या वर मोटार चालवूच नका म्हणतं.

आता गंमत बघा. तिन्ही फेजची सरासरी १३.४ आणि पाटीवर १३.५. सरासरी पाटीच्या आत आहे, ओझं एकट्या आर फेजवर आलंय. तुमच्या दुसऱ्या मेकॅनिकने टाँग वाय फेजला लावला असणार, १३.२ बघून त्याला वाटलं रिलेच खोटा आहे.

हे सप्लायमुळे की मोटारीमुळे, याची शंका राहू नये म्हणून एक चाचणी करा. आयसोलेटर (मशिनचा मेन स्विच) बंद, कुलूप, टेस्टरने खात्री. मग कॉन्टॅक्टरच्या खालून कंप्रेसरकडे जाणाऱ्या तिन्ही वायरी एकेक घर पुढे सरकवा. आरवरची वायवर, वायवरची बीवर, बीवरची आरवर. तिन्ही सरकवायच्या. दोनच अदलाबदल केल्या तर स्क्रोल उलटा फिरेल, मस्कतकरांनी सांगितलंच. चालू करून पुन्हा अँपिअर घ्या. जास्तीचा करंट सप्लायच्या आर फेजवरच राहिला तर दोष सप्लायचा. वायरीबरोबर दुसऱ्या फेजवर गेला तर दोष मोटारीचा, मग शेठना खुशाल कंप्रेसर घेऊ द्या.

माझी पैज सप्लायवर. कारण एक नंबरच्या कंप्रेसरलाही तोच आजार आहे, १४.०, १२.१, १०.२. तो पडत नाही इतकंच. बायमेटल रिले सेटिंगच्या पाच टक्के वर करंट गेला तरी पडणं अपेक्षित नसतं, वीस टक्के वर गेला तर दोन तासांच्या आत पडायलाच हवा. १४ म्हणजे चार टक्के वर, सुटला. १५.६ म्हणजे साडेपंधरा टक्के वर, मधल्या पट्ट्यात. तिथे गच्चीवरच्या तापलेल्या पेटीतला रिले पडण्याच्या बाजूने कौल देतो.

मीटर रूममध्ये असमतोल अर्धा टक्का आहे. मेन पॅनलवर पावणेतीनच्या आसपास. म्हणजे वीज कंपनीला पत्र लिहू नका, व्होल्टेज तुमच्याच इमारतीत, मीटर रूम ते मेन पॅनल या केबलमध्ये पडतंय, आणि ते बी फेजचं. बी फेजवर गेल्या वर्षभरात काय चढवलंत?

राहिला दोन नंबरच जास्त का ओढतो. ५४५ पीएसआयला आर-४१०ए सुमारे ६० अंशाला वाफेचा पातळ होत असतो, ४९० ला ५५-५६ ला. कॉइलमध्ये येणाऱ्या हवेतच सहा अंशांचा फरक आहे, तो प्रेशरमध्ये दिसणारच. कॉइल धुतलेली आहे म्हणता, मग त्या बाजूला स्वतःचीच गरम हवा फिरून परत येतेय. शेजारी भिंत, पत्रा, टाकी, काय उभं केलंय? फोटो नको, सांगा फक्त.

पाचगणी_बँक्वेट

विषय निघालाच आहे तर माझं विचारून घेतो. आमच्या हॉटेलच्या हॉलला हॉट अँड कोल्ड डक्टेबल आहे. उन्हाळ्यात काही नाही, डिसेंबरमध्ये हीटिंगवर टाकलं की ओव्हरलोड. बाहेर चांगली थंडी, कंप्रेसरला तर गारवाच हवा ना?

जुना_फिटर_सोलापूर

पाचगणीकर, हीटिंगमध्ये मशिन उलटं होतं. बाहेरची कॉइल इव्हॅपोरेटर (उष्णता घेणारी), आणि हॉलमधली कॉइल कंडेन्सर (उष्णता सोडणारी). म्हणजे हेड प्रेशर आता हॉलच्या हवेवर ठरतं. तुमचा फिल्टर गालिच्याच्या लोकरीने भरलाय का, ब्लोअरचा पट्टा ढिला आहे का, आणि मुख्य म्हणजे "फार गरम होतंय" म्हणून वेटरने अर्धे डिफ्यूझर (हवा सोडणाऱ्या जाळ्या) बंद केलेत का, ते बघा. हवा कमी झाली की प्रेशर चढतं आणि अँपिअरही. उन्हाळ्यात याच चुकीमुळे उलट कॉइलवर बर्फ धरतो, ओव्हरलोड पडत नाही, म्हणून तेव्हा कळलं नाही. एवढं करून नाही थांबलं तर वेगळा धागा काढा, इथे गुंता नको.

पॅनलवाला_नाशिक

फिटरसाहेबांशी सहमत, पण सगळं खापर लोडवर फोडू नका. मीटर रूमपासून येणारी केबल अॅल्युमिनियमची असणार, आणि पॅनलचा बसबार (वीज वाटणारी पट्टी) तांब्याचा. साध्या थिंबलने (केबलच्या टोकाला दाबून बसवायचा धातूचा तुकडा) जोडलं असेल तर हा सांधा तापतो, निवतो, ढिला होतो, मग अजून तापतो. बी फेजच्या थिंबलचा रंग बघा. बाकी दोघांपेक्षा काळा असेल किंवा इन्सुलेशन आकसलेलं असेल तर नुसतं नट आवळून समाधान मानू नका, टोक कापा, नवीन बायमेटल थिंबल क्रिंप करा. कॉन्टॅक्टरच्या तिन्ही पोलवरचा व्होल्टेज ड्रॉपही बघा, लोडवर, मीटर मिलिव्होल्टला लावून. एका पोलचा बाकीच्यांपेक्षा बराच जास्त आला तर कॉन्टॅक्ट खाल्लेत.

रिलेची स्वतःची टर्मिनल ढिली असतील तर ती उष्णता थेट बायमेटलला जाते आणि करंट बरोबर असूनही तो पडतो. हे फार लोक विसरतात.

आणि वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: अकोलेकरांचा डीओएल आहे म्हणून पाटीचा आकडा तसाच लावला, ठीक. स्टार-डेल्टामध्ये (मोटार दोन टप्प्यांत सुरू करणारा स्टार्टर) रिले फेजच्या वायरीत असेल तर लाइन करंटच्या ५८ टक्क्यांवर सेट होतो. ३० अँपिअरच्या मशिनला साडेसतरा. तिथे कुणी ३० लावून ठेवतं आणि मोटार जळेपर्यंत रिले शांत बसतो.

शोरूम_मेंटेनन्स_अकोला

वायरी सरकवून बघितल्या. जास्त करंट आर फेजवरच राहिला, १५.४. मोटार सुटली.

बी फेजवर काय चढवलंय ते शोधायला पॅनल उघडावं लागलं. गेल्या दिवाळीआधी ट्रायल रूम आणि मागच्या गोडाऊनला दोन-दोन टनाचे चार स्प्लिट बसवले. माझ्या आधीच्या माणसाने चारही एकाच डीबीत (वीज वाटायची पेटी), एकाच पट्टीवर घेतलेत, आणि ती पट्टी बीवर. दुपारी चारही एकदम चालतात. संध्याकाळी गोडाऊन बंद होतं तेव्हा त्यातले दोन जातात, म्हणून पाचनंतर ओव्हरलोड पडत नाही. मी इतके दिवस ऊन उतरल्यामुळे समजत होतो. पॅनलवाल्या साहेबांचंही खरं, बीची थिंबल तपकिरी पडलेली होती आणि साधीच होती.

शेजारी काय आहे विचारलंत. आउटडोअरच्या दोन नंबरच्या बाजूला, हातभर अंतरावर, ऑफरचं फ्लेक्स होर्डिंग. मशिनपेक्षा उंच. वरच्या फॅनची हवा त्याला आपटून खाली वळते, अगरबत्ती धरून बघितली, धूर सरळ कॉइलमध्ये गेला.

रविवारी रात्री दुकान बंद झाल्यावर काम केलं. दोन स्प्लिट आरवर, एक वायवर, एक बीवर. नवीन थिंबल. होर्डिंग काढायला शेठ तयार नव्हते, म्हणून त्याच्या फ्रेमसकट कठड्याच्या दुसऱ्या टोकाला नेलं, रस्त्यावरून उलट जास्त दिसतंय आता. आज दोनला घेतलेलं: कॉन्टॅक्टरच्या खाली ४०९, ४०५, ४०७. दोन नंबर कंप्रेसर १२.६, १२.३, १२.१. डिस्चार्ज ४९५. रिले १३.५ वरच आहे. दिवसभर पडला नाही, आणि ऊन आज कालपेक्षा कडक होतं.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. रिलेच्या बटणावर एच आणि ए अशी खूण आहे. ए वर ठेवलं तर मला गच्चीवर पळावं लागणार नाही ना? आणि शेठ म्हणतात कूलरची ताटी लावून कंडेन्सरवर पाणी सोडू, इकडे पुष्कळ दुकानांवर लावलंय.

जुना_फिटर_सोलापूर

एच म्हणजे हँड, ए म्हणजे ऑटो. एच वरच ठेवा. ऑटोवर रिले निवला की स्वतःच जुळणार, कंप्रेसर पुन्हा उठणार, आणि प्रत्येक उठण्याला पाच ते सात पट करंट ओढणार. दुपारभर हे चाललं तर तुम्हाला कळणारही नाही, नुसती मोटार झिजेल. रिले पडल्यावर माणूस वर जावा, खूण बघावी, तिन्ही अँपिअर लिहावेत, म्हणूनच ते बटण हाताचं आहे. आणि लागलीच दाबू नका, पाच-दहा मिनिटं जाऊ द्या.

पाण्याचं म्हणाल तर आधी पाणी कुठलं ते सांगा. बोअरचं असेल तर कॉइलवर थेंबही नको. पाणी उडतं, क्षार फिन्सवर राहतो, दोन उन्हाळ्यांत पांढरा थर बसतो आणि तो धुऊन निघत नाही. मग ५४५ पीएसआय काय, त्याहून वर जाल. ताटी लावायचीच तर कॉइलपासून लांब, ओलावा कॉइलला शिवणार नाही अशी, आणि हवा अडणार नाही इतकी विरळ. तुमच्या रीडिंगवरून मला तरी गरज दिसत नाही. त्या पैशात गच्चीवरच्या पॅनलला वरून पत्र्याचं छप्पर करा, पेटीपासून वीतभर वर, मागून-पुढून मोकळं. रिलेला तेवढी सावली पुरते.

शोरूम_मेंटेनन्स_अकोला

बोअरचंच आहे, आमच्या बादल्यासुद्धा पांढऱ्या पडतात. छपराचा पत्रा उद्या आणतो. रीडिंगची वही पॅनलमध्ये टांगून ठेवलीय, दर मंगळवारी दोन वाजता लिहायची असं ठरवलंय, मेन पॅनलचे तीन आणि दोन्ही कंप्रेसरचे सहा आकडे.